उशाखालच्या चौदा बिया

आमच्या मुलचेऱ्यात सफरचंद हे फळ बहुधा आजारपणाच्या निमित्तानेच घरात येते. धडधाकट माणसाच्या भेटीला जाताना कुणी सफरचंदे नेत नाही. त्याच्यासाठी दिवाळीच्या सुमारास सीताफळे असतात, हिवाळ्यात बोरे, उन्हाळ्यात रानातली टेंभरे आणि पावसाच्या तोंडावर जांभळे. पण कुणी खाटेला खिळले, की भेटीला येणाऱ्याच्या पिशवीतून हमखास चार सफरचंदे निघतात. आमच्या ओळखीपाळखीत कुणी सफरचंदाचे झाड पाहिलेले नाही. तरी आजाऱ्याचे फळ म्हणून त्याचा मान मोठा आहे.

दोन वर्षांपूर्वी, कोजागिरीनंतरच्या आठवड्यात, आमच्याकडे अशी सफरचंदे येऊ लागली. पत्नीला वयाच्या ६७ व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. पहाटे ती उठली तेव्हा उजवा हात उचलत नव्हता आणि शब्द जिभेवर अडखळत होते. हात अवघडला असेल असे समजून मी दोन तास तेल चोळत बसलो. वाचकहो, हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थबकतो. तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात किंवा पाय गळणे, बोलणे एकाएकी अस्पष्ट होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर एक मिनिटही दवडू नये. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे औषध ज्या रुग्णांना देता येते, त्यांना ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. आष्टीचा पूल ओलांडून, गोंडपिपरीवरून आम्ही चंद्रपूरला पोहोचलो तेव्हा ती वेळ हातातून निसटली होती. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने घरातला रोग मात्र ओळखला नाही.

रुग्णालयातून घरी निघण्याच्या दिवशी अंथरूण आवरताना तिच्या उशाखाली गोळ्यांची एक रिकामी डबी सापडली. उघडून पाहिली, तर आत सफरचंदाच्या चौदा बिया होत्या. मी फोडी करून देत असे आणि गाभा ताटलीत बाजूला ठेवत असे. त्या गाभ्यातून तिने डाव्या हाताने एकेक बी काढून जमवली होती. त्या दिवसांत तिला फार थोडे शब्द सापडत. डबीकडे बोट दाखवून ती एवढेच म्हणाली, “लावा.”

मी तिला समजावू लागलो. तेव्हा मी जे सांगितले, ते शास्त्राच्या दृष्टीने चूक नव्हते, म्हणून आपल्यालाही सांगतो.

सफरचंदाचे झाड थंड प्रदेशातले. हिवाळ्यात ते पाने गाळून निद्रिस्त होते आणि पुरेशी थंडी अंगावरून गेल्याशिवाय त्याचे फुलाचे डोळे नीट उघडत नाहीत. बागायतदार ही थंडी तासांत मोजतात. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खालचे तास जमेस धरले जातात आणि नेहमीच्या जातींना असे आठशे ते हजार किंवा त्याहूनही अधिक तास लागतात. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत पारा दहाच्या आसपास उतरतो, क्वचित एखाद्या रात्री त्याखालीही जातो. पण शेकडो तास सातच्या खाली राहणे या भूमीला ठाऊक नाही. उलट मे महिन्यात पारा पंचेचाळीस गाठतो.

दुसरी अडचण बीजाची. सफरचंदाच्या झाडाला फळ धरण्यासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे प्रत्येक बी ही दोन भिन्न कुळांची संतती असते आणि तिच्यापासून येणारे झाड आईसारखे निपजत नाही. गोड फळाच्या बीपासून आंबट, तुरट किंवा बोराएवढे फळही येऊ शकते. म्हणूनच बागा कलमांच्या असतात. १९१६ च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स यांनी अमेरिकेतून आणलेल्या ज्या झाडांपासून हिमाचलातील कोटगढ भागाच्या सफरचंदाच्या व्यापारी बागा वाढल्या, तीही एका निवडक जातीची झाडे होती. शिवाय बीपासून वाढवलेल्या झाडाला फळ यायला सहा ते दहा वर्षे लागतात.

हे सर्व मी तिला रुग्णालयाच्या खाटेशेजारी उभा राहून ऐकवले. सहा ते दहा वर्षे हे शब्द उच्चारल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी कुणाला काय सांगतो आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा म्हणाली, “लावा.”

घरी आल्यावर व्यायामतज्ज्ञाने दाबण्यासाठी एक मऊ चेंडू दिला होता. दिवसातून तीन वेळा तो उजव्या मुठीत धरून दाबायचा. ती दोन दिवसांत त्या चेंडूला कंटाळली. मुलांचे खेळणे हाती दिल्यासारखे तिला वाटत असावे. मग एका सकाळी मी तिच्यासमोर बियांची डबी ठेवली आणि उजव्या हाताने एकेक बी उचलून ओल्या कापडावर ठेवायला सांगितले. पहिल्या दिवशी चौदांपैकी तीन बिया तिला उचलता आल्या. घामाने कपाळ भिजले, पण तिने मला मदत करू दिली नाही. त्यानंतर चेंडूही बंद पडला नाही. बियांच्या आधी चेंडू, असा तिने स्वतःच नेम घातला.

सफरचंदाच्या बीला रुजण्यापूर्वी थंड ओलावा लागतो. निसर्गात हिवाळाभर ती गारठलेल्या मातीत पडून राहते. आपल्याकडे ते काम फ्रीज करतो. आम्ही काय केले ते सांगतो, म्हणजे कुणाला नातवंडांसोबत करून पाहता येईल. पिकलेल्या फळातील टपोऱ्या, गडद तपकिरी बिया घ्याव्यात आणि गर लागलेला असल्यास धुऊन काढावा. स्वच्छ सुती कापड ओले करून घट्ट पिळावे. हाताला ओल जाणवावी, पण थेंब गळू नये. त्यात बिया गुंडाळून झाकणाच्या डबीत ठेवाव्यात आणि डबी फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात कदापि ठेवू नये. दर आठ-दहा दिवसांनी उघडून पाहावे, बुरशी आलेली बी काढून टाकावी आणि कापड बदलावे. साठ ते नव्वद दिवसांत काही बियांना पांढरा अंकुर दिसू लागतो.

आमच्या फ्रीजमध्ये ती डबी तिच्या इन्सुलिनच्या शेजारी होती. सकाळी इन्सुलिन काढताना ती डबीकडे एकदा पाही. वीज गेली, की मला इन्सुलिनची चिंता लागे आणि तिला डबीची. तिच्या तोंडून आलेले पहिले पूर्ण वाक्य मला आठवते. डिसेंबरच्या एका संध्याकाळी दिवे गेले तेव्हा ती म्हणाली, “फ्रीज उघडू नका, थंडी जाईल.” चार शब्दांहून मोठे वाक्य मी दोन महिन्यांत प्रथमच ऐकत होतो.

जानेवारीच्या अखेरीस चौदांपैकी तीन बिया बुरशीने गेल्या होत्या, दोन तशाच निजून होत्या आणि नऊ अंकुरल्या होत्या. खाली सच्छिद्र असलेल्या नऊ लहान कुंड्यांत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरून एक ते दीड सेंटीमीटर खोल त्या लावल्या. कुंड्या जमिनीवर न ठेवता ओसरीतल्या टेबलावर मांडल्या, म्हणजे तिला खुर्चीत बसूनच पाणी घालता येईल. ज्यांना वाकण्याने चक्कर येते किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी ही मांडणी उत्तम. पाणी घालायचे काम तिचे होते: रोज सकाळी उजव्या हातात छोटा पेला, डाव्या हाताचा त्याला आधार, प्रत्येक कुंडीला अर्धा पेला. अर्धे पाणी टेबलावर सांडे.

आता माझ्या चुकीबद्दल लिहितो. खरे तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

मार्चमध्ये ऊन तापू लागले. नऊही रोपांना चार-चार, सहा-सहा पाने आली होती. तिने पाणी नीट घातले असेल का, या शंकेने मी दुपारी ती आडवी झाली, की गुपचूप सर्व कुंड्यांना पाणी घालू लागलो. कधी रात्रीही घाली. तिचा हात हलतो, अर्धे पाणी सांडते, त्यामुळे झाडे तहानेली राहतील, असे मला वाटे. दोन तास तेल चोळत बसल्याची टोचणी मनात होतीच. पुन्हा काही हातून निसटू नये म्हणून मी सगळेच माझ्या हाती घेत चाललो होतो. तिच्या शर्टची बटणे मी लावी, घास मी भरवी, फोनवर मुलीने तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही मीच देई.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोपांची पाने पिवळी पडून माना खाली गेल्या. मला वाटले, पाणी कमी पडले. म्हणून आणखी पाणी घातले. चार दिवसांत पाच रोपे आडवी झाली.

आमच्या शेजारी एक वृद्ध बंगाली बाई राहतात. १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील या जंगलपट्ट्यात जमिनी देऊन वसवण्यात आले; मुलचेरा तालुक्यात आजही त्यांची कितीतरी गावे आहेत. या बाई लहान मुलगी असताना आईवडिलांसोबत आलेल्या. इथे नारळ होणार नाही असे सगळे सांगत असताना त्यांच्या वडिलांनी तळ्याच्या काठी तो लावला होता, ही गोष्ट त्या वर्षातून एकदा तरी ऐकवतात. त्यांनी येऊन कुंडीत बोट खुपसले, वासही घेतला आणि एक रोप उपटून मला दाखवले. मुळे तपकिरी होऊन लिबलिबीत झाली होती.

“पाणी फार झाले, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “कोण घालते?”

“ती घालते,” मी म्हणालो.

खुर्चीतून पत्नी म्हणाली, “मी एकदा. हे तीनदा.”

तिला सगळे ठाऊक होते. दुपारी ती झोपलेली नसे, डोळे मिटून पडलेली असे. तिने मला एकदाही अडवले नव्हते. मी विचारले, “मग बोलली का नाहीस?” त्यावर ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. शेजारच्या बाई तिच्या मदतीला धावल्या नाहीत आणि त्यांच्याकडे पाहून मीही थांबलो. अखेर ती म्हणाली, “तुम्हांला बरं वाटत होतं.”

वाचकहो, रुग्णाची सेवा करणाऱ्यांपैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. आपण जिची काळजी घेत असतो, ती व्यक्ती कित्येकदा निमूटपणे आपलीच काळजी घेत असते. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी सोडल्या: कुंड्यांना पाणी घालणे आणि तिचे वाक्य पूर्ण करणे. दुसरी गोष्ट अधिक कठीण गेली. बोलताना ती मध्येच थांबली, की मी मनात वीस आकडे मोजतो. बहुतेक वेळा वीसच्या आत शब्द येतो.

उरलेल्या चार रोपांसाठी तिने बोटभर खोल माती चाचपून मगच पाणी घालायचा नियम केला. वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या मुलीला मी शिकवण्याची गरजच नव्हती. उन्हाळ्यात कुंड्यांना फक्त सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी जागा दिली आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली केली. एक रोप उधईने खाल्ले. पावसाळ्यात तीन रोपे अंगणात लावली, त्यांतले एक शेजारची शेळी खाऊन गेली. आज दोन झाडे कमरेएवढी आहेत.

या प्रवासात सफरचंदाविषयी मी नव्याने वाचू लागलो आणि रुग्णालयातील माझे व्याख्यान अपुरे होते हे मला कळले. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात पनियाला नावाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे फुटांवरचा हा भाग सफरचंदासाठी उष्णच मानला जाई. तेथील शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ साली सफरचंदे खाऊन बिया परसात टाकल्या. १९९९ मध्ये तेथे एक रोप दिसले आणि २००१ मध्ये त्याला फळ आले. त्या झाडाच्या काड्यांची कलमे करून त्यांनी ‘एचआरएमएन-९९’ ही जात पुढे आणली. ती चाळीस-पंचेचाळीस अंशांची उष्णता सोसते. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत ती लावून पाहिली गेली आहे. २०२५ मध्ये शर्मा यांना पद्मश्री जाहीर झाली.

दुसरी कथा ऑस्ट्रेलियातली. शहरातल्या दुकानांत ‘ग्रॅनी स्मिथ’ नावाची हिरवी, आंबटगोड सफरचंदे मिळतात. ग्रॅनी म्हणजे आजी, आणि ही आजी खरीखुरी होती. सिडनीजवळ राहणाऱ्या मारिया ॲन स्मिथ यांनी टाकून दिलेल्या फळांच्या बियांतून त्यांच्या शेतावर एक रोप उगवले, असे सांगितले जाते. १८६८ मध्ये त्याची फळे त्यांनी इतरांना दाखवली, तेव्हा त्यांचे वय सत्तरीला टेकले होते. १८७० मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या नावाचे फळ पुढे जगभर गेले, ते त्यांनी पाहिले नाही.

या कथांमुळे आमच्या झाडांना फळे येतीलच असे मी म्हणत नाही. असे झाड हजारांत एखादे निघते. ज्यांना खरोखर फळ खाण्याच्या हेतूने झाड लावायचे आहे, त्यांनी ‘एचआरएमएन-९९’, ‘ॲना’ किंवा ‘डॉर्सेट गोल्डन’ अशा कमी थंडीत येणाऱ्या जातींची कलमे विश्वासू रोपवाटिकेतून घ्यावीत आणि शक्यतो दोन वेगळ्या जाती जवळ लावाव्यात. आणि केवळ पोषण हवे असेल, तर दारचा पेरू आणि आवळा सफरचंदाला कमी लेखण्याजोगे नाहीत. ‘क’ जीवनसत्त्व तर त्यांच्यात कित्येक पटींनी अधिक असते. मधुमेह असलेल्यांनी सफरचंदाचा रस काढण्यापेक्षा फळ सालीसकट, बेताने खावे. दात नसल्यास फोडी वाफवून मऊ कराव्यात. गिळताना ठसका लागत असेल, तर कोणताही पदार्थ देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

कुंड्यांच्या नादी लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी काही सूचना. सफरचंदाची बी चावल्यास तिच्यातून सायनाइड तयार होते. चुकून एखादी अख्खी गिळली तर घाबरण्याचे कारण नसते. पण मुठीने बिया चावून खाल्ल्यास धोका संभवतो. म्हणून स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या आणि लहान मुलांच्या हाती बियांची डबी एकटी सोडू नये. मधुमेह्याने मातीकाम करताना हातमोजे घालावेत, जखम असल्यास माती टाळावी, नंतर साबणाने हात धुवावेत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, डेंग्यूचे डास तेथेच वाढतात. पावसाळ्यात कुंडी हलवण्यापूर्वी तिच्यामागे विंचू-साप नाही ना, हे काठीने आणि विजेरीने पाहावे. उन्हाळ्यात बागेचे काम सकाळी आठच्या आत आटोपावे, आणि झाडाला पाणी घालणाऱ्याने आधी स्वतः पाणी प्यावे.

पत्नीचा हात बियांमुळे सुधारला असा दावा मी करणार नाही. औषधे होती, व्यायाम होता आणि झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शरीर स्वतःहूनही बरेच सावरते. उजव्या हाताची पकड अजून पूर्ण आलेली नाही. पण आता ती पेला एका हाताने उचलते आणि शर्टची बटणे स्वतः लावते. त्याला सात-आठ मिनिटे लागतात. तेवढा वेळ मी अंगणात जाऊन उभा राहतो.

मागच्या आठवड्यात शेजारच्या बाई विचारत होत्या, की फळ कधी धरणार. मी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. पत्नीने दोन्ही झाडांकडे पाहिले. मी मनात मोजू लागलो. अकरापर्यंत पोहोचलो होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “आधी उन्हाळा काढू द्या.”